जठराच्या भिंतीतली १६ मिलिमीटरची गाठ: दुर्बिणीतून काढून घ्यावी की नुसते लक्ष ठेवावे?

गोदाकाठ

नमस्कार. आईच्या संदर्भात जाणकारांचे मत हवे आहे. तिचे वय ६४ आहे. जेवणानंतर पोट जड होते आणि ढेकर येत राहतात, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांगितली. आतले अस्तर थोडेसे लालसर आहे, बाकी ठीक आहे, असे निघाले. परंतु जठराच्या वरच्या भागात, अन्ननलिका जिथे उघडते त्याच्या जवळच, एक गुळगुळीत उंचवटा दिसला. त्याच वेळी चिमट्याने घेतलेल्या बायोप्सीच्या अहवालात फक्त 'जुनाट सौम्य दाह' एवढेच लिहून आले. त्यानंतर दुर्बिणीतून करतात ती सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, करून घेतली. त्यात गाठ १६ मिलिमीटरची असून ती चौथ्या थरातून उगवलेली आहे, कडा नियमित आहेत, आत पोकळ्या किंवा चुन्याचे कण नाहीत, आणि ती 'जिस्ट' किंवा 'लायोमायोमा' असू शकेल, असे म्हटले आहे. सीटी स्कॅनमध्ये इतरत्र काही आढळले नाही.

अडचण अशी की दोन तज्ज्ञांनी दोन वेगळे सल्ले दिले. एक म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा ईयूएस करा, आज हात लावायची गरज नाही. दुसरे म्हणतात, गाठ लहान आहे तोवरच पोट न उघडता दुर्बिणीतून काढून टाकावी, पुढे वाढली तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल. दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते, आणि घरी आलो की निर्णय होत नाही. 'गाठ' हा शब्द कानावर पडल्यापासून आईचे जेवणावरचे लक्ष उडाले आहे, ही आणखी वेगळी काळजी. बायोप्सीत काही निघाले नाही तर मग गाठ साधी आहे असे का म्हणत नाहीत, आणि दुर्बिणीतून गाठ काढतात म्हणजे नक्की काय करतात, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

अन्नमार्ग

गोदाकाठ, मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि दुर्बिणीतून अशा गाठी काढण्याचे काम करतो. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे लिहिणे त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचावे.

ईयूएसमध्ये जठराची भिंत पाच थरांची दिसते. पहिले दोन थर आतल्या अस्तराचे, तिसरा अस्तराखालचा सैल थर, चौथा स्नायूंचा आणि पाचवा बाहेरचे पातळ आवरण. आपण ज्याला पोटाचा कॅन्सर म्हणतो तो अस्तरात सुरू होतो. आईंची गाठ चौथ्या थरातली आहे, म्हणजे तिचे कूळच वेगळे आहे. ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगा. तिसऱ्या थरात पांढरीशुभ्र दिसणारी मऊ गाठ असेल तर ती बहुधा चरबीची असते आणि तिला कोणी हात लावत नाही. चौथ्या थरातली गाठ मात्र लायोमायोमा, म्हणजे स्नायूची निरुपद्रवी गाठ, असू शकते किंवा जिस्ट असू शकते, आणि नुसत्या प्रतिमेवरून या दोघींत खात्रीने फरक करता येत नाही. अन्ननलिकेच्या तोंडाजवळ लायोमायोमाही बऱ्याचदा आढळतो, एवढे सांगता येईल.

जिस्ट ही आतड्यांच्या हालचालीची लय सांभाळणाऱ्या काहाल पेशींच्या कुळातली गाठ. या गाठींमागे बहुतेक वेळा किट नावाच्या जनुकातला बिघाड असतो, हे जपानमधल्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले, आणि तेव्हापासून या आजाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. जिस्टला पूर्णपणे निरुपद्रवी म्हणायचे नाही असा आज संकेत आहे, परंतु जठरातल्या लहान जिस्टचे वागणे बहुतांशी शांत असते. जपानमध्येच कॅन्सरसाठी काढलेली १०० जठरे बारकाईने कापून तपासली, तेव्हा त्यांतल्या ३५ जणांत डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या सूक्ष्म जिस्ट सापडल्या. प्रत्यक्षात त्रास देणाऱ्या जिस्ट फार थोड्या लोकांना होतात. याचा अर्थ असा की बहुसंख्य लहान गाठी आयुष्यभर जागच्या जागी राहतात.

म्हणून आपल्या दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यांना आधार आहे. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मार्गदर्शक सूचना दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि काळजीची चिन्हे नसलेल्या जठरातल्या गाठीसाठी ठरावीक अंतराने ईयूएस करत राहण्याचा पर्याय देतात. काळजीची चिन्हे म्हणजे वेड्यावाकड्या कडा, आतल्या पोकळ्या, चमकणारे ठिपके, असमान पोत आणि वरच्या अस्तरावर पडलेला व्रण. यांतले एकही आईंच्या अहवालात दिसत नाही. चीनमध्ये, विशेषतः शांघायच्या चोंगशान रुग्णालयासारख्या ठिकाणी, दुर्बिणीतून अशा गाठी काढण्याचा अनुभव इतका मोठा आहे की तिथे लहान गाठही काढण्याकडे कल असतो. कौशल्य जवळ असले की निर्णय त्या बाजूला झुकतो, हे वैद्यकात नेहमीच घडते.

आता काढतात कसे ते. मूळ तंत्र ईएसडी, म्हणजे दुर्बिणीतूनच अस्तराखालच्या थरात शिरून आजारी भाग अखंड सोडवून काढणे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी टोकाला सिरॅमिकचा मणी बसवलेली विद्युत सुरी वापरात आणली, ज्यामुळे खालच्या थराला भोक न पाडता अस्तर कापता येऊ लागले. गाठीभोवती आधी खुणेचे ठिपके देतात, अस्तराखाली निळ्या रंगाचे द्रव टोचून ते फुगवतात आणि मग कडेने कापत, दिसेल ती रक्तवाहिनी जाळून बंद करत, थर सोडवत जातात. गाठ स्नायूतूनच उगवलेली असेल तर तिच्या मुळाशी पोहोचताना भिंतीला आरपार छेद जाण्याची शक्यता असते. कधी तो जाणूनबुजूनच घेतात, त्याला पूर्ण जाडीचे छेदन म्हणतात. त्या क्षणी दुर्बिणीतून पिवळसर चरबी आणि कधी यकृताची कड दिसते, वायू पोटाच्या पोकळीत शिरतो आणि पोट टणक होते. म्हणूनच साध्या हवेऐवजी लवकर शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड वापरतात, गरज पडली तर पोटाच्या कातडीतून सुई घालून वायू मोकळा करतात आणि छिद्र क्लिपांनी, किंवा क्लिप व नायलॉनचा फास एकत्र वापरून, बंद करतात. हे सगळे सफाईने जमणे हीच या कामाची कसोटी आहे. गाठ कापणे त्या मानाने सोपे, छिद्र नीट बंद करणे अवघड.

आईंच्या गाठीची जागा पाहता आणखी एक मार्ग संभवतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाजवळच्या गाठीसाठी अस्तराला थोडा वर छेद देऊन, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत गाठीपर्यंत जातात, गाठ सोडवून त्याच वाटेने बाहेर आणतात आणि वरचा छेद क्लिपांनी मिटवतात. गाठीवरचे अस्तर शाबूत राहत असल्याने गळती होण्याचा धोका कमी होतो. ॲकलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याच्या विकारासाठी, योकोहामाच्या इनोए यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या बोगद्याच्या शस्त्रक्रियेवरून ही कल्पना पुढे आली आणि २०१२ साली शांघायच्या गटाने ती गाठींसाठी मांडली. तिला 'स्टेर' म्हणतात. बोगदा अरुंद असतो, त्यामुळे साडेतीन सेंटिमीटरच्या पुढची गाठ त्यातून अखंड निघणे कठीण. १६ मिलिमीटरला तो प्रश्न नाही. जिथे दुर्बीण एकटी पुरत नाही तिथे लॅपरोस्कोपीची, म्हणजे पोटावर लहान छिद्रे पाडून करायच्या शस्त्रक्रियेची, जोड देऊन दोन्ही बाजूंनी काम करतात.

माझे मत विचाराल तर, ६४ वर्षांच्या, गाठीमुळे तक्रार नसलेल्या आणि तपासणीला नियमितपणे येऊ शकणाऱ्या रुग्णाला मी आधी सहा महिन्यांची फेरतपासणी सुचवतो. ढेकर आणि पोट जड होणे हे १६ मिलिमीटरच्या या गाठीमुळे असण्याचा संभव फार कमी आहे. ती काढूनही ढेकर राहतील, हे आईंना आधीच सांगितलेले बरे.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजी विभागात काम करते. बायोप्सीत काही का निघाले नाही, या प्रश्नाचे उत्तर देते.

गादीच्या खोळीखाली सुपारी सरकली असेल तर वरून चिमटीत खोळच येते, तसे इथे झाले आहे. दुर्बिणीतल्या चिमट्याचा घास एक-दोन मिलिमीटरचा असतो आणि गाठ अस्तराच्या बरीच खाली आहे. 'जुनाट सौम्य दाह' हा अस्तराचा अहवाल आहे. तो गाठीविषयी चांगले किंवा वाईट काहीच सांगत नाही. गाठीचा तुकडा हवा असेल तर ईयूएसच्या मार्गदर्शनाखाली सुई आत घालावी लागते, आणि दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीत, विशेषतः ती सुईखालून निसटणारी असेल तर, पुरेसा नमुना दर वेळी मिळतोच असे नाही. तो मिळाला तर मात्र निर्णय बराच सोपा होतो. सीडी ११७ आणि डॉग-१ या पेशींतल्या प्रथिनांच्या चाचण्या होकारार्थी आल्या तर जिस्ट. त्या नकारार्थी आणि डेस्मिन या स्नायूपेशींतल्या प्रथिनाची चाचणी होकारार्थी असेल तर लायोमायोमा, आणि मग पाठपुरावा जवळजवळ संपतो.

दुसरी गोष्ट गाठ काढल्यानंतरची आहे, आणि तिच्याकडे घरच्यांचे सहसा लक्ष जात नाही. जिस्ट किती खोडकर आहे हे ठरवताना आम्ही तिचा आकार, तिची जागा आणि पेशींच्या विभाजनाचा वेग पाहतो. पाच चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या पेशी किती, हे मोजावे लागते आणि ती मोजणी सुईच्या नमुन्यावर विश्वासाने करता येत नाही. त्यासाठी अखंड गाठ लागते. मिएटिनेन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जठरातल्या १,७६५ जिस्टचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या वर्गीकरणात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि विभाजन पाच किंवा त्याहून कमी असलेल्या गाठी इतरत्र पसरण्याचा धोका शून्य धरला आहे, तर दोन ते पाच सेंटिमीटरच्या आणि विभाजन कमी असलेल्या गाठींत तो दोन टक्क्यांच्या आत आहे. अन्नमार्ग यांनी धीर धरायला सांगितले त्यामागे हे आकडे आहेत.

गाठ काढायचे ठरलेच तर ती अखंड आणि तिच्या वेष्टनाला धक्का न लागता बाहेर यायला हवी. जिस्ट लसिका ग्रंथींमध्ये क्वचितच जाते, त्यामुळे आजूबाजूच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत, परंतु गाठ फुटून तिच्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडल्या तर एका शांत आजाराचा दीर्घ उपचारांचा आजार होऊ शकतो. तुकड्या-तुकड्यांनी काढलेली गाठ आमच्याकडे येते तेव्हा कड मोकळी आहे की नाही हे सांगणे अशक्य होते. चांगल्या ठिकाणी गाठ बाहेर आल्याबरोबर ती बुचाच्या किंवा थर्मोकोलच्या फळीवर टाचण्यांनी ताणून लावतात, वरची आणि खालची बाजू कोणती ते लिहितात आणि मग फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवतात. नुसतीच बाटलीत टाकून पाठवली तर ती आकसते, गुंडाळते आणि कड कुठली ते कळेनासे होते.

अहवालात 'कड निश्चित सांगता येत नाही' असे शब्द आले तर मात्र लगेच घाबरू नये. स्नायूतून सोडवून काढलेल्या गाठीच्या पृष्ठभागावर निरोगी ऊतीचा थर मुळातच फार पातळ असतो. वेष्टन अखंड असेल आणि विभाजनाचा वेग कमी असेल तर केवळ त्या शब्दांसाठी पुन्हा शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

योकोहामाहून

माझ्या यजमानांची ईएसडी जपानमध्ये झाली, परंतु त्यांचा आजार वेगळा होता, आणि तो फरक इथे नोंदवावासा वाटतो, कारण आमच्या नातेवाइकांनीही दोन्ही गोष्टी एकच समजून फार घोळ घातला होता.

त्यांना गाठ अशी नव्हतीच. कंपनीच्या वार्षिक तपासणीत अस्तरावर फिकट, किंचित खोलगट डाग दिसला आणि बायोप्सीत अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. इथे बायोप्सी उपयोगी पडली, कारण आजार वरच्याच थरात होता. एवढ्याने कसे भागते, जठर कापायला नको का, असे आम्ही विचारले तेव्हा डॉक्टरांनी गोतोदा यांच्या २००० सालच्या अभ्यासाविषयी सांगितले. सुरुवातीच्या कॅन्सरसाठी जठर आणि ग्रंथी काढलेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. अस्तरापुरता मर्यादित, चांगल्या प्रतीच्या पेशींचा आणि तीन सेंटिमीटरपर्यंतचा कॅन्सर असलेले १,२३० जण त्यात होते आणि त्यांच्यापैकी एकाच्याही ग्रंथींत आजार पोहोचलेला नव्हता. ज्यांच्या ग्रंथींत काही नसते त्यांच्या ग्रंथी काढायच्या कशाला, हा विचार तिथून रुजला, आणि २००६ पासून जपानच्या आरोग्य विम्यात जठराच्या ईएसडीचा समावेश झाला.

प्रत्यक्ष अनुभव असा की कापण्याच्या जागी दुखणे जवळजवळ नव्हते. आधी उपास, मग भाताची पातळ पेज, मग घट्ट पेज आणि नंतर मऊ भात, असे पायरीपायरीने जेवण सुरू केले. घरी आल्यावर मात्र एके सकाळी त्यांना शौचाला डांबरासारखे काळे, चिकट झाले आणि उभे राहताच घेरी आली. रुग्णालयातून निघताना ही लक्षणे कागदावर लिहून दिलेली होती, म्हणून आम्ही थांबलो नाही. पुन्हा दुर्बीण घालून वाहती रक्तवाहिनी जाळून बंद केली आणि पुढे सगळे सुरळीत झाले. जखम आतून भरायला साधारण आठ आठवडे लागतात आणि तोवर आम्ल कमी करणारी गोळी चुकवायची नाही, हे तेव्हा नीट समजले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा उपचारही त्यांना दिला, कारण तो जंतू घालवल्याने जठरात दुसरीकडे नवा कॅन्सर होण्याचा संभव कमी होतो. दर वर्षी दुर्बीण सुरू आहेच.

गोदाकाठ, आईंना हे वाचून दाखवणार असाल तर त्यांचा आजार हा नव्हे, हे आधी सांगा.

गोदाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. बायोप्सीचा उलगडा झाल्याने मोठे ओझे उतरले. आईला थरांचे चित्र काढून दाखवले. तिने 'म्हणजे ही अस्तराच्या खालची आहे' असे स्वतःहून म्हटले आणि नंतर नीट जेवली.

अन्नमार्ग, आणखी दोन शंका आहेत. तिची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि ती रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेते. सुरुवातीला हे लिहायचे राहिले. याने निर्णय बदलतो का? आणि सहा महिन्यांनी नेमके काय दिसले तर थांबायचे नाही?

अन्नमार्ग

ॲस्पिरिनचा विचार करावाच लागतो. स्टेंट असलेल्या व्यक्तीची ॲस्पिरिन परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, म्हणून आज घरच्या घरी ती थांबवू नका. जपानच्या एंडोस्कोपी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्येच, गुठळी होण्याचा धोका मोठा असेल तर एकटी ॲस्पिरिन चालू ठेवून अशा प्रक्रिया करण्यास मुभा दिली. क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळीही सुरू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यावे. जठराच्या ईएसडीनंतर शंभरात साधारण पाच जणांना उशिरा रक्तस्राव होतो आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी तो संभव वाढतो. आईंच्या बाबतीत माझा कल यामुळे वाट पाहण्याकडे आणखी झुकतो.

फेरतपासणीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर तो मोजमापातलाही असू शकतो. दुर्बीण कोणत्या कोनातून धरली यावर तेवढे बदलते. म्हणून शक्यतो त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडून ईयूएस करावी आणि आजच्या प्रतिमांची प्रत जपून ठेवावी, नुसता कागदी अहवाल पुरत नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, कडा बिघडल्या, आत पोकळ्या किंवा ठिपके दिसू लागले, वरच्या अस्तरावर व्रण पडला किंवा काळे शौच झाले, तर ती काढण्याचा निर्णय लांबवू नये. मधल्या काळात हिमोग्लोबिन तपासत राहा. हळूहळू होणारा रक्तस्राव पुष्कळदा आधी तिथेच कळतो.

सहा महिने थांबणे आईंना मानसिकदृष्ट्या झेपत नसेल, तर सुईने नमुना घेऊन पाहण्याविषयी विचारा. लायोमायोमा निघाला तर तपासण्यांचा फेरा सुटेल. जिस्ट निघाली तर गाठ काढण्याचा आग्रह धरणे समजण्यासारखे आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे तेव्हा अधिक वजनदार ठरेल. काढायची झालीच तर त्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: चौथ्या थरातल्या अशा गाठी त्यांनी स्वतः काढल्या आहेत का, छिद्र पडल्यास ते कशाने बंद करतात, आणि दुर्बिणीने बंद झाले नाही तर लॅपरोस्कोपी करणारे सर्जन त्या दिवशी त्याच इमारतीत असतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर दुसरे केंद्र पाहावे. गाठ शांत आहे, तेवढा वेळ आपल्या हातात नक्की आहे.